'टाइट कर' म्हणजे किती?

गॅरेजमध्ये दिवसातून पन्नास वेळा ऐकू येणारा हुकूम म्हणजे 'टाइट कर'. उस्ताद शागिर्दाला म्हणतो, शागीर्द त्याच्या हाताखालच्या पोराला म्हणतो, बाजूला उभा राहिलेला गाडीमालकही म्हणतो. या हुकमात एक गोष्ट कधीच नसते. किती? शिंप्याला आपण नुसतं 'शिवून दे' सांगत नाही, इंच सांगतो. दूधवाल्याला लिटर सांगतो. सोनाराकडे तर काट्यावरचा शेवटचा आकडाही वाकून बघतो. पण लाखो रुपयांच्या गाडीचं इंजिन ज्या नट-बोल्टांनी धरून ठेवलंय, त्यांच्या बाबतीत मात्र 'हाताला कळतं बरोबर' या उत्तरावर आपण सगळेच समाधानी असतो.

माझं म्हणणं साधं आहे. इंजिनातल्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला किती आवळायचं, याचा आकडा इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यापर्यंत तो आकडा पोचला पाहिजे, तोही त्याला वाचता येणाऱ्या भाषेत. आणि तो मोजायचं हत्यारही त्याच्या हातात असलं पाहिजे. हे दोन्ही न देता मोडलेल्या बोल्टचा दोष एकट्या मेकॅनिकवर टाकणं हा अन्याय आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. नट-बोल्टांशी माझा संबंध आला तो विद्यार्थ्यांमुळे. आठवी-नववीत शाळा सुटली की आमच्या वस्तीतली बरीचशी मुलं गॅरेजला लागतात. त्यांतली काही अजून संपर्कात आहेत. अधूनमधून मोबाइलवर एखाद्या इंग्रजी पुस्तकाच्या पानाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, "मॅडम, इथं काय लिहिलंय?" आकडे त्यांना कळतात. आकड्यांच्या मागचे-पुढचे शब्द कळत नाहीत. अशी पानं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की हा जितका लोखंडाचा प्रश्न आहे तितकाच भाषेचाही आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तो आकडा कशाचा असतो ते पाहू. बोल्ट फिरवायला आपण पान्याच्या टोकाला जोर लावतो. तो जोर गुणिले बोल्टच्या मध्यापासून हातापर्यंतचं अंतर, हा झाला टॉर्क. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला 'बल आघूर्ण' असं भारदस्त नाव आहे. ही व्याख्या पाठ असलेली मुलं मी पाहिली आहेत. तिचा पान्याशी काही संबंध आहे हे माहीत असलेली फार थोडी. टॉर्क मोजायचं एकक न्यूटन-मीटर. समजा पाना २० सेंटीमीटर लांब आहे आणि टोकाला १५ किलो वजनाइतका जोर लावला, तर बोल्टला सुमारे २९ न्यूटन-मीटर मिळतात. तोच जोर ५० सेंटीमीटरच्या हँडलवर लावला तर ७३ च्या वर जातात.

इथेच 'हाताला कळतं' या दाव्यातली मेख आहे. हाताला जोर कळतो, टॉर्क कळत नाही. दोन्ही वेळा हाताला पंधरा किलोच जाणवले. बोल्टला मात्र अडीच पट फरक पडला. पान्यात पाइप घालून लांबी वाढवायची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास आहे. त्यात अंदाजाचा उरलासुरला आधारही सुटतो.

आता बोल्टचं काम काय ते पाहू. आवळलेला बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंग असते. आपण आवळतो तसा तो केसभर लांब होतो, आणि परत आखूड व्हायच्या धडपडीत दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. खरं हवं असतं ते हे दाबून धरणं. पण ते थेट मोजणं अवघड, म्हणून आपण टॉर्क मोजतो. गंमत अशी की लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो, आणि उरलेला दहावा हिस्सा बोल्ट ताणायला कामी येतो. म्हणजे नव्वद टक्के खर्च घासण्यातच. त्यामुळे घर्षणात थोडा फरक झाला तरी त्या दहा टक्क्यांचं गणित पार उलटंपालटं होतं.

एक उदाहरण घेऊ. ८ मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला बोल्ट. आटे कोरडे असताना त्याला २५ न्यूटन-मीटर आवळलं तर तो सुमारे १.६ टन जोराने दाबून धरतो. आता त्याच आट्यांना तेल लावा आणि आकडा २५ च ठेवा. दाब २.१ टनांच्या आसपास जातो. अशा बोल्टची कायमचा न ताणता सोसायची हद्दही तेवढीच असते. पुस्तकात लिहिलेला आकडा पाळला, पान्याने नेमका मोजला, आणि तरीही बोल्ट हद्दीला जाऊन टेकला. कारण पुस्तकात आकड्याच्या शेजारी 'आटे कोरडे ठेवा' असं लिहिलं होतं आणि ते इंग्रजीत होतं. दुसऱ्या एखाद्या इंजिनात नेमकं उलट लिहिलेलं असतं: हेडच्या बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावा, मगच आवळा. तिथे कोरडा बोल्ट आवळला तर आकडा पुरा भरतो, पण हेड दाबलं जातं कमी. आकडा एकटा कधी नसतो. त्याच्यासोबत एक अट असते आणि ती अट शब्दांत असते. ज्याला शब्द मिळाले नाहीत त्याला आकडाही अर्धाच मिळाला.

बोल्टच्या डोक्यावरचा तो शिक्काही वाचायची चीज आहे. ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की तुटायची ताकद मिळते, दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या कितव्या हिश्श्याला बोल्ट कायमचा ताणला जाईल. म्हणजे ८.८ चा बोल्ट तुटतो ८०० ला, ताणला जातो ६४० ला. जुना बोल्ट हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचा, पण ४.६ चा बोल्ट आणून बसवला तर तो २४० लाच हात टेकतो. दिसायला दोघे सख्खे भाऊ. आवळताना हाताला सुरुवातीला फरकही जाणवत नाही.

जुने उस्ताद म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होते हे आकडे? तीस वर्षं इंजिनं बांधली." त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण ते हात कोणत्या धातूवर तयार झाले, हेही पाहायला हवं. अ‍ॅम्बॅसडरचं हेड बिडाचं, ब्लॉकही बिडाचा. बीड पुष्कळ सोसतं. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं होतं. आज बहुतेक गाड्यांची हेड अ‍ॅल्युमिनियमची असतात आणि अनेकांचे ब्लॉकही. अ‍ॅल्युमिनियमचे आटे पोलादी बोल्टपुढे मऊ पडतात, आणि हा धातू तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. म्हणजे थंड इंजिनात आवळलेला बोल्ट इंजिन तापल्यावर आणखी ताणला जातो. इंजिन बनवणाऱ्याने ही वाढ धरूनच आकडा काढलेला असतो. हात तोच राहिला, धातू बदलला. बिडावर शिकलेला अंदाज अ‍ॅल्युमिनियमवर चालवला की आटे हातात येतात.

साधा ऑइलच्या चेंबरचा नट घ्या. दर सर्व्हिसला तो निघतो आणि बसतो. अनेक सुझुकी इंजिनांत त्याचा आकडा ३५ न्यूटन-मीटर आहे, बऱ्याच होंडांत ४०, टोयोटांत ३७, आणि फोक्सवॅगनच्या १.९ डिझेलमध्ये ३०. पाहा, किती जवळजवळचे आहेत, आणि कोणताच ५० च्या पुढे नाही. पण 'तेल गळायला नको' या भीतीने मोठं हँडल लावून तो दुप्पट आवळला जातो. तेल थांबवायचं काम खालच्या वायसरचं असतं, जोराचं नसतं. नवं वायसर काही रुपयांना मिळतं. ते टाकायचं सोडून नटावर जोर काढला की दोन-चार सर्व्हिसनंतर चेंबरचे आटे जातात. मग टॅप मारा, बुश बसवा किंवा अख्खं चेंबर बदला.

स्पार्क प्लगचं तसंच. १४ मिलिमीटर आट्यांचा, वायसर असलेला प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरला बसतो. नव्या गाड्यांतला १२ मिलिमीटरचा बारीक प्लग १५ ते २० ला. हाताला सवय १४ ची असली की १२ चा प्लग गेला म्हणून समजा. तो ढिला ठेवूनही चालत नाही, कारण प्लगची उष्णता हेडमध्ये उतरायला तो नीट टेकलेला असावा लागतो. नाहीतर टोक भलतंच तापतं. एनजीके ही प्लग बनवणारी कंपनी तर आपल्या मुलामा दिलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीससारखं काही लावूच नका म्हणून सांगते. कारण वर सांगितलं तेच: घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला आटे जास्त ताणले जातात. ही सूचना डब्यावर असते, आणि डबा बहुतेक वेळा कचऱ्यात असतो.

या सगळ्यात खरी परीक्षा हेडच्या बोल्टांची. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये पातळ गॅस्केट असतं. त्याच्या एका बाजूला ज्वलनाचा दाब, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला तेल. हे तिन्ही एकमेकांत मिसळू न देणं हे दहा-बारा बोल्टांच्या सारख्या दाबावर अवलंबून असतं. म्हणून ते ठरावीक क्रमाने आवळायचे असतात: मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात. सतरंजी अंथरताना आपण मधून कडांकडे हात फिरवतो, तेव्हा सुरकुती बाहेर निघून जाते, तसंच. आधी कडेचे आवळले तर हेडचा बाक मधे अडकतो. सोडवतानाही क्रम असतो, उलटा, बाहेरून आत. आणि हे एका दमात करायचं नसतं, टप्प्यांनी करायचं असतं.

स्कोडा ऑक्टेव्हियाच्या जुन्या १.९ टीडीआय इंजिनाचं उदाहरण देते. त्याच्या हेडच्या बोल्टांना आधी ४० न्यूटन-मीटर, मग ६०, मग पाव फेरी म्हणजे ९० अंश, आणि मग आणखी ९० अंश. कोरोलाच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनात, ज्याला वन-झेडझेड म्हणतात, आधी ४९ न्यूटन-मीटर आणि मग ९० अंश. शेवटी अंश का आले? कारण घर्षणावरचा भरवसा. एकदा बोल्ट नीट टेकला की पुढे तो किती फिरला यावरून किती ताणला गेला ते जास्त खात्रीने कळतं. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असेल तर पाव फेरीत बोल्ट ०.३७५ मिलिमीटर पुढे सरकतो, तेल असो वा नसो. असे अनेक बोल्ट मुद्दाम त्यांच्या लवचिकतेच्या हद्दीपलीकडे ताणायचे असतात. ते एकदाच वापरायचे. ऑक्टेव्हियाच्या त्या इंजिनात दर वेळी नवे बोल्ट घालायचे असतात. जुना बोल्ट पुसून, चमकवून परत घातला तर तो आवळला जातो, पण धरत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पाणी आटायला लागतं, गाडी तापते, आणि गिऱ्हाईक येऊन उभं राहतं.

आणि इथे मला माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगायची आहे. इंग्रजी पुस्तकात हे टप्पे एका ओळीत छापलेले असतात, डावीकडून उजवीकडे: ४०, ६०, ९० अंश, ९० अंश. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, पण तिच्यातले आकडे मात्र डावीकडून उजवीकडे लिहितात. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाने हा तक्ता वहीत जसाच्या तसा उतरवला आणि शेजारी उर्दूत शब्द लिहिले, तर त्याची नजर उजव्या टोकाकडून सुरू होते. म्हणजे ९० अंश पहिले आणि ४० शेवटी. मुलगा हुशार असो की नसो, हा गोंधळ लिपीच्या दिशेचा आहे. उपाय एका मिनिटाचा आहे. टप्पे एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येकाआधी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे शब्द घालायचे. एवढंच. पण हे कुणीतरी बसून करायला हवं, आणि ते करणारा माणूस इंजिनिअरच असला पाहिजे असं नाही. भाषेचा शिक्षकही ते करू शकतो.

एककांची भानगड याहून मोठी. आपल्या गॅरेजांत जुन्या पद्धतीने 'साडेतीन किलो', 'सहा किलो' असं बोललं जातं. ते असतात किलोग्रॅम-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. काही पुस्तकं किलोग्रॅम-सेंटीमीटरमध्ये लिहितात, तिथे साडेतीनचे साडेतीनशे होतात. अमेरिकी पुस्तकं फूट-पाउंडात लिहितात. एक फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. बारीक बोल्टांसाठी तीच पुस्तकं इंच-पाउंड वापरतात, जे फूट-पाउंडाचा बारावा हिस्सा असतात. टॅपेट कव्हरचा ६ मिलिमीटरचा बोल्ट १० न्यूटन-मीटरचा असतो. तो कुणी 'दहा किलो' म्हणून आवळायला गेला तर त्याला जवळजवळ ९८ न्यूटन-मीटर द्यायला निघाला. बोल्ट अर्थातच त्याआधीच मोडतो, आणि त्याचं मुंडकं पान्यात राहून शेपूट हेडमध्ये अडकतं. मराठीत आपण 'मापात पाप' म्हणतो ते कमी तोलणाऱ्या व्यापाऱ्याला उद्देशून. पण एककच न सांगता आकडा देणं हेही मापातलं पापच आहे, आणि ते करणारा बहुधा गॅरेजच्या बाहेर, एखाद्या वातानुकूलित खोलीत बसलेला असतो.

त्याची किंमत कोण मोजतो? माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगते. सोळा-सतरा वर्षांचा असेल. हेड बसवताना ब्लॉकचे आटे गेले. ब्लॉक कामाला पाठवावा लागला, गिऱ्हाइकाने गोंधळ घातला, आणि खर्च या मुलाच्या आठवड्याच्या पगारातून कापला गेला, कित्येक आठवडे. त्याला आकडा सांगितला होता का? नाही. त्या गॅरेजमध्ये टॉर्कचा पाना होता का? नाही. त्याला मिळालेली सूचना होती, 'चांगलं टाइट कर'. त्याने ती पाळली. त्याची आई मला म्हणाली, "आपा, पोराचा हात जड आहे, असं म्हणाले." हात जड नव्हता. हाताला मर्यादा सांगणारं कुणी नव्हतं. पण हिशेबाच्या वहीत 'आकडा दिला नाही' असा रकाना नसतो. तिथे मुलाचं नाव असतं.

आता हरकती. पहिली पैशाची. कामापुरता क्लिक करणारा टॉर्कचा पाना काही हजार रुपयांत येतो. लहान गॅरेजला हा खर्च जाणवतो, मान्य. पण एका ब्लॉकचे आटे परत पाडून घ्यायचा खर्च, वर गेलेलं गिऱ्हाईक, हा हिशेब मांडला तर पाना महाग वाटत नाही. एकट्याला झेपत नसेल तर एका गल्लीतल्या चार गॅरेजांनी मिळून घ्यावा. खड्डे-धूळ असलेल्या आपल्या रस्त्यांना कंपनीचा आकडा लागू नाही, हेही मी ऐकलंय. रस्ता कसाही असो, आत ज्वलनाचा दाब तोच, धातू तोच. सहा हजार फेऱ्यांना कनेक्टिंग रॉड सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होतो. त्याच्या टोपीचा बोल्ट कमी आवळलेला असेल तर बेअरिंग फिरतं, आणि वेळ आली तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्याचा रस्त्याशी संबंध नाही.

दुसरी हरकत जास्त महत्त्वाची आहे, आणि ती उस्तादांच्या इज्जतीची आहे. पाना घेऊन मोजायला लागलो तर लोक म्हणतील याला येत नाही. मला वाटतं इथे आपण हुनर आणि माप यांची उगीच भांडणं लावली आहेत. हाताला जे कळतं ते पान्याला कळत नाही. आटे तिरके बसताहेत हे बोटांना पहिल्या फेरीतच कळतं; पाना मात्र तिरक्या बोल्टवरही खुशाल क्लिक करतो. आवळता आवळता बोल्ट अचानक मऊ लागायला लागला, फिरतोय पण जोर वाढत नाही, म्हणजे तो ताणला जाऊन तुटायच्या बेतात आहे, हे हात ओळखतो. आट्यात कचरा आहे, बोल्ट तळाला टेकलाय, गॅस्केट सरकलंय, हे सगळं हातच ओळखतो. म्हणून बोल्ट आधी बोटांनी लावायचा, मग साध्या पान्याने टेकवायचा, आणि शेवटचं माप टॉर्कच्या पान्याने घ्यायचं. डॉक्टर नाडी बघतात आणि रक्तदाबही मोजतात. त्यांची इज्जत कमी झालेली मी तरी पाहिली नाही.

उलट मला उस्तादांना असं विचारायचं आहे: तुमचा तीस वर्षांचा अंदाज तुम्ही शागिर्दाला देणार कसा? हाताचा अंदाज सांगता येत नाही, लिहिता येत नाही. तो शिकायचा एकच मार्ग म्हणजे बोल्ट मोडत मोडत शिकणं, आणि ते बोल्ट गिऱ्हाइकाच्या गाडीचे असतात, पैसे पोराच्या पगारातले. आकडा मात्र एका दिवसात देता येतो. जे इल्म दुसऱ्याच्या हाती देता येतं तेच टिकतं.

पान्यालाही अदब लागते. क्लिक झाला की थांबायचं. 'आणखी एकदा' म्हणून दोनदा-तीनदा क्लिक करायचं नाही. ओढायचं ते सावकाश, एका लयीत, मुठीच्या जागी धरून. या पान्याने बोल्ट सोडवायचे नाहीत. काम झालं की मापणी सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर तपासून घ्यायचा. टॉर्कच्या पान्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हीच मुदत दिली आहे. खोटा तराजू नसलेल्या तराजूपेक्षा वाईट, कारण त्यावर आपण विश्वास ठेवतो.

राहिला प्रश्न आकडा मिळण्याचा. मेकॅनिकने कितीही ठरवलं तरी पुस्तकच त्याला मिळत नसेल तर काय करणार? कंपन्यांची दुरुस्तीची पुस्तकं बहुतेक त्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांपुरती असतात. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या स्वतंत्र गॅरेजांना खुली केली नाही, हा मुद्दा त्या निकालाच्या केंद्रस्थानी होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करायला समिती नेमली, आणि तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. हक्काची भाषा सरकारदरबारी आली, ही चांगली गोष्ट. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मुलासाठी हक्क म्हणजे काय? त्याच्या समोरच्या इंजिनाचा आकडा, एककासह आणि अटीसह, त्याच्या भाषेत. तो मिळेपर्यंत बाकी सगळं कागदावर आहे.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे टॉर्कचा पाना हातात मिळतो. पण त्याला दहावी पास लागते. आठवीत शाळा सोडलेला मुलगा त्या दारापर्यंत पोचत नाही, आणि गॅरेजमध्ये खरा हात त्याचाच चालतो. त्याला परत शाळेत आणायचे प्रयत्न आम्ही शिक्षक करतोच. तोवर शाळेनेही थोडं त्याच्या गॅरेजपर्यंत जायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. कंपन्यांनी प्रत्येक गाडीच्या मालकाच्या पुस्तकात निदान दहा आकडे मराठीत द्यावेत: चेंबरचा नट, ऑइल फिल्टर, प्लग, टॅपेट कव्हर, हेडचे टप्पे आणि क्रम, आणि कोणते बोल्ट परत वापरायचे नाहीत ते. उर्दू वाचणाऱ्यांसाठी तेच आकडे एकाखाली एक. उस्तादांनी गॅरेजच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांचा तक्ता लावावा. तो तयार करताना मोबाइलवरच्या कुठल्याही व्हिडिओतला आकडा उचलू नये. इंजिनाचा नंबर जुळवून मूळ पुस्तकातूनच घ्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन वेगळी इंजिनं असतात. विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी ती पानं वाचून द्यावीत. 'आटे कोरडे ठेवा', 'तेल लावून आवळा', 'नवा बोल्ट वापरा' ही तीन वाक्यं मराठीत लिहायला शब्दकोश लागत नाही.

आणि गाडी असलेल्या वाचकांनो, तुम्हालाही एक काम आहे. पुढच्या सर्व्हिसला मेकॅनिकला 'नीट टाइट कर' असं सांगू नका. 'याचा आकडा किती आहे?' असं विचारा. तो पाना काढून मोजायला लागला तर घाई करू नका, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे देताना घासाघीस करू नका. मोजून काम करणाऱ्याला आपण जास्त पैसे देतो हे एकदा बाजाराला कळलं, की पाना विकत घ्यायला कुणाला सांगावं लागणार नाही.